‘सदाबहार’ कोणी ठरवायचं?

मोबाइलच्या दुकानावर ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असायची, त्याला फार वर्षं झालेली नाहीत. गडचिरोलीतल्या अहेरी, आलापल्ली, एटापल्लीच्या बाजारांत ती इतर ठिकाणांपेक्षा जास्त टिकली, कारण रेंज. आतल्या गावातून आठवडी बाजाराला आलेला पोरगा मेमरी कार्ड काढून काउंटरवर ठेवतो आणि दुकानदार मान न वळवता विचारतो, ‘‘काय भरू? तेलुगू, हिंदी, गोंडी डीजे, भीमगीतं?’’ पडद्यावर पिवळ्या फोल्डरांची रांग. एकावर ‘ओल्ड’ असं लिहिलेलं. आत रफी, मुकेश, किशोर, लता. एकावर ‘न्यू’, आत या महिन्यात जे काही वाजतंय ते. मग पाच-दहा मिनिटं निळी पट्टी सरकत राहते, पैसे देऊन पोरगा निघून जातो. त्याच्या आजीला जी गाणी येतात त्यांच्यासाठी मात्र त्या संगणकात फोल्डर नाही. ती ‘ओल्ड’मध्ये नाहीत आणि ‘न्यू’मध्ये तर नाहीतच.

महाविद्यालयीन रेडिओवरच्या पुस्तिकेची प्रस्तावना मी या फोल्डरांपासून सुरू करतोय, कारण रेडिओ केंद्राचा सगळा कारभार शेवटी याच दोन फोल्डरांवर चालतो. जुनी, लोकांच्या मनात बसलेली गाणी आणि नुकती आलेली, अजून कोणाची न झालेली गाणी. जगातलं कुठलंही कॉलेजचं केंद्र घ्या, वेळापत्रकात हे दोन खांब असतातच. तरीही ‘सदाबहार’ म्हणजे काय आणि ‘नवं’ म्हणजे काय हे ठरवणारा माणूस बहुतेक वेळा केंद्रात बसलेला नसतो. तो मुंबईत असतो, हैदराबादेत असतो, हल्ली तर तो माणूसही नसतो. पुढची पानं हे ठरवण्याचं काम अहेरीच्या पोरापोरींनी आपल्या हाती घ्यावं म्हणून लिहिलेली आहेत.

हे काम दुसऱ्याच्या हाती गेलं की काय होतं याचा धडा आपल्याकडे एकदा गिरवून झालेला आहे, आणि तो देणारा मराठी माणूस होता. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री होते. स्वतः शास्त्रीय संगीताचे जाणकार. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत, म्हणून आकाशवाणीवर त्या गाण्यांवर कात्री आली. त्यात निर्मात्यांशी आणखी एक वाद झाला. गायकाचं नाव सांगू, पण सिनेमाचं सांगणार नाही, ती जाहिरात होते, असं आकाशवाणीचं म्हणणं. निर्मात्यांनी हक्क काढून घेतले आणि हिंदी गाणी सरकारी रेडिओवरून जवळजवळ गायब झाली. श्रोत्यांनी काय केलं? काटा फिरवला. कोलंबोहून शॉर्टवेव्हवर येणारं रेडिओ सिलोन घराघरांत लागू लागलं, ३ डिसेंबर १९५२ला ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानींच्या आवाजाने बुधवारची रात्र अख्ख्या देशाने त्यांच्या नावावर करून दिली. सरकारला शहाणपण यायला पाच वर्षं लागली. विविध भारती सुरू झाली ऑक्टोबर १९५७मध्ये.

केसकरांची टिंगल करणं सोपं आहे आणि बहुतेक लेखक तेवढं करून थांबतात. माझ्या मते त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. सार्वजनिक रेडिओने लोकांना त्यांच्या सवयीपलीकडचं काही ऐकवावं, ही अपेक्षा रास्तच आहे. याच आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५पासून वर्षभर दर आठवड्याला एक असं ‘गीतरामायण’ प्रसारित झालं. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ती ५६ गाणी सुरू झाली तेव्हा नवी कोरी होती. त्या आठवड्याचं गाणं त्या आठवड्यात लिहून, चाल लावून, गाऊन व्हायचं. आज आपण ज्याला अभिजात म्हणतो ते एका केंद्राने धडपडत केलेलं ‘न्यू रिलीज’ होतं. केसकरांचं बिनसलं ते एवढ्यासाठी की ऐकणाऱ्याला विचारायची पद्धतच ठेवली नाही.

बिनाकाने विचारलं, पण कोणाला? गाण्यांची क्रमवारी, म्हणजे ‘पायदान’, ठरायची ती रेकॉर्डच्या विक्रीवर आणि श्रोता संघांच्या पत्रांवर. विक्रीचे आकडे येणार मोठ्या शहरांतल्या दुकानांतून. पत्रांच्या जोरावर मात्र लहान गावंही घुसली. अभ्रकाच्या खाणींचं झुमरी तलैया हे बिहारमधलं (आता झारखंडमधलं) गाव निव्वळ फर्माइशींच्या पत्रांमुळे देशाला पाठ झालं. आपल्याकडे ‘आपली आवड’मध्ये नावांची लांबलचक माळ वाचली जायची, गाण्यापेक्षा आपलं नाव आलं का याकडेच अर्धे कान असायचे. पत्र पाठवून गाणं मागता येत होतं हे खरं, तरी मागायचं ते केंद्राकडे असलेल्या तबकड्यांमधूनच. आपल्या गावात कोणी गातं ते लावा, असं पत्र लिहायची सोय नव्हती. कारण ते वाजवायला तबकडीच नव्हती.

ही सोय कायद्याने झाली ती फार उशिरा, आणि तिची वाट क्रिकेटमधून गेली हे ऐकून गंमत वाटेल. सामन्यांचं प्रक्षेपण कोणी करायचं यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार भांडत सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ला निकाल लागला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या खंडपीठावर होते. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही आणि ती नुसती बाजारालाही देऊन टाकता येणार नाही, असा त्या निकालाचा गाभा. तिथून २००२च्या डिसेंबरात शिक्षणसंस्थांना रेडिओ केंद्र काढायची परवानगी मिळाली. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं ‘अण्णा एफएम’ ९०.४ मेगाहर्ट्झवर सुरू झालं. ते देशातलं पहिलं कॅम्पस केंद्र. २००६च्या नोव्हेंबरात धोरण आणखी सैल होऊन स्वयंसेवी संस्था, कृषी विज्ञान केंद्रं यांनाही दार उघडलं. १५ ऑक्टोबर २००८ला तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातल्या माचनूरला दलित शेतकरी महिलांनी ‘संघम रेडिओ’ सुरू केला.

महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, मुंबई विद्यापीठाचं केंद्र, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा रेडिओ, बारामतीत विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’, म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ अशी नावं घेता येतात. नकाशावर ती मांडली तर बहुतेक पश्चिम महाराष्ट्रात पडतात. म्हसवडचं केंद्र कॉलेजचं नाही, तरी आमच्या कामाचं सर्वांत जवळचं उदाहरण तेच. दुष्काळी माण तालुक्यात ओव्या आणि गजीनृत्याची गाणी गाणाऱ्या बायाबापड्यांना तिथे माइकसमोर बसवलं गेलं. जात्यावरचं आणि रानातलं गाणं स्टुडिओत आलं आणि ज्यांचं होतं त्यांच्याच गावात पुन्हा ऐकू गेलं.

परदेशातलं एकच उदाहरण देतो. १९३६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात जॉर्ज अब्राहम आणि डेव्हिड बोर्स्ट या दोन विद्यार्थ्यांनी वसतिगृहांच्या खोल्यांमधून तारा ओढल्या आणि आपसांत रेडिओ सुरू केला. मनोरा नाही, लायसन्स नाही. वायर, अ‍ॅम्प्लिफायर आणि रिकामटेकडे मित्र. कॉलेज रेडिओ म्हणून आज जे जगभर आहे त्याचं मूळ तिथे सांगतात. पुढे सिअ‍ॅटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाचं केसीएमयू हे केंद्र १९७२मध्ये निघालं. त्याच शहराच्या आसपासच्या, कोणाला माहीत नसलेल्या बँडांची गाणी तिथली पोरं लावत. निर्वाणा हा बँड त्यांतला एक. पहिली रेकॉर्ड केंद्रात देऊन आल्यावर ती लावत नाहीत म्हणून कर्ट कोबेनने वाटेतल्या सार्वजनिक फोनवरून स्वतःच आपल्या गाण्याची फर्माइश केली, अशी हकीकत सांगितली जाते. झुमरी तलैयाच्या पत्रलेखकांना हा माणूस आपल्यातलाच वाटला असता. लक्षात घ्यायचं ते एवढंच की तिथल्या केंद्राने ‘नवं’ लॉस एंजेलिसहून मागवलं नाही, पुढच्या गल्लीतून उचललं.

आता अहेरीची गल्ली.

भाषांपासूनच सुरुवात करावी लागेल, कारण गाण्यांचे फोल्डर इथे भाषेवरून पडतात. महाविद्यालयाच्या एका वर्गात घरी माडिया बोलणारी मुलं असतात, गोंडी बोलणारी असतात, तेलुगू बोलणारी असतात, झाडीबोलीच्या वळणाची मराठी बोलणारी असतात. मुलचेऱ्याच्या बाजूने आलेली असतील तर बंगालीही, कारण पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची गावं त्या भागात वसवली गेली. प्राणहितेच्या पलीकडे तेलंगणा. खाली सिरोंचा, जिथे प्राणहिता गोदावरीला मिळते, तो मुलूख इंग्रजी अमदानीत अप्पर गोदावरी जिल्ह्यात होता आणि तिथली बाजारपेठेची भाषा आजही मुख्यतः तेलुगू आहे. म्हणून इथे ‘जुनी गाणी’ म्हटलं की एका घरात रफी आठवतो, दुसऱ्या घरात घंटसाला. १९७४मध्ये गेलेल्या या गायकाचा आवाज सीमेलगतच्या वयस्क माणसांच्या तोंडी अजून आहे. एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्याबाबत तर वादच नाही. ते दोन्ही फोल्डरांत, दोन्ही भाषांत सापडतात.

तिसऱ्या घरात तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं. १९४२च्या चिमूरच्या उठावाशी जोडल्या गेल्यामुळे या भजनांना चांदा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या चंद्रपूर-गडचिरोलीत, निव्वळ भक्तीच्या पलीकडचं वजन आहे. चौथ्या घरात वामनदादा कर्डकांची भीमगीतं. १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती लाउडस्पीकरवर असतातच, एरवीही असतात. उत्तरेकडून, वडशाच्या बाजूने, झाडीपट्टी रंगभूमी येते. हिचं माहेर अहेरी नव्हे, हे कबूल. पण नाटकाच्या हंगामात तिची हवा इथपर्यंत पोहोचते. दिवाळीनंतर मंडप पडतात, नाटक रात्रभर चालतं आणि गाणी नट स्वतः रंगमंचावर गातात, समोर ऑर्गन-तबल्याची साथ. २०२३मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना ही रंगभूमी नव्याने सापडली. दरवर्षी नवी नाटकं, त्यांत नवी गाणी. म्हणजे दरवर्षी डझनावारी ‘न्यू रिलीज’ होतात आणि हंगाम संपला की विरून जातात, कारण ती कोणत्याही कंपनीने रिलीज केलेली नसतात.

आणि मग रेला. माडिया-गोंडांच्या लग्नात, पंडुमांत म्हणजे सणांत, गोटुलच्या अंगणात हातात हात गुंफून रांगेत नाचताना गायचं गाणं. एक जण ओळ टाकतो, रांग ती उचलते, दुसरी रांग फिरवून परत देते. सुरुवात असते, शेवट रांग दमेल तेव्हा. शामराव हिवाळे आणि व्हेरिअर एल्विन यांनी गोंडांच्या गाण्यांचं एक पुस्तक १९३५ साली लंडनहून काढलं. मोठंच काम होतं ते. पण ते पुस्तक इंग्रजीत आहे आणि पुस्तकातून चाल ऐकू येत नाही. गोंडी बोलणाऱ्यांची संख्या २०११च्या जनगणनेत तीस लाखांच्या घरात होती. एवढी मोठी भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही आणि रेडिओच्या घड्याळातही तिचा तास सहसा सापडत नाही.

याच्या उलट बाजूला आजची मुलं काय ऐकतात ते पाहा. २०२२मध्ये ‘आरआरआर’ आला, पुढच्या वर्षी त्यातल्या ‘नाटू नाटू’ला ऑस्कर मिळालं आणि अहेरीपासून भामरागडपर्यंत स्नेहसंमेलनांत त्यावर नाच न झालेलं कॉलेज शोधून काढावं लागेल. त्या सिनेमातल्या दोन नायकांपैकी एकाला नाव दिलंय कोमराम भीमचं. खरा कोमराम भीम प्राणहितेच्या पलीकडचा, आसिफाबादच्या रानातला गोंड पुढारी. निजामाच्या राज्याशी लढताना तो १९४०मध्ये जोडेघाटला मारला गेला. आज तिथल्या जिल्ह्याला त्याचं नाव आहे. सिनेमा सुरू होतो तो एका गोंड मुलीच्या गाण्याने. इंग्रज बाईच्या हातावर नक्षी काढता काढता ती पोर गाते, तिचा आवाज त्या बाईला आवडतो आणि बाई मुलीलाच उचलून नेते. गोंड पोरीचं हे गाणं आहे तेलुगूत. आपल्या नदीकाठची गोष्ट जगभर फिरून, ऑस्कर घेऊन, डब होऊन आपल्याच मोबाइलवर आली आणि तिच्यात आपली भाषा तेवढी नव्हती. यावर कोणी रागवावं असं मी म्हणत नाही. गाणं झकास आहे, लावाच. फक्त त्याच्या पाठोपाठ, त्याच अर्ध्या तासात, एक रेला लावा. दोन गाण्यांमध्ये निवेदकाने काय बोलायचं हे पोरंच शोधून काढतील. कॉलेजच्या केंद्राला जी एक गोष्ट जमते आणि बाकी कोणाला जमत नाही, ती हीच आहे. मोबाइलवरची गणितं ऐकणाऱ्याला त्याने काल ऐकलेल्याच्या जवळचं काहीतरी देत राहतात. ज्या भाषेत मुळातच थोडं रेकॉर्डिंग आहे, तिच्या वाट्याला त्या गणितात काहीच येत नाही.

नवी गोंडी गाणी नाहीत असं मात्र कोणी समजू नये. यूट्यूबवर गोंडी डीजे गाण्यांचा पूर आहे. रेलाची चाल, खाली ठोक्याचा ढोल, वर कीबोर्ड, चित्रीकरणात रंगीत गॉगल. माझ्या पिढीतल्या जाणकारांना ती ऐकवत नाहीत. मला त्यांतली पुष्कळ सारखीच वाटतात, काही मात्र खरोखर चांगली आहेत. पण आवडनिवड हा माझा प्रश्न नव्हे, लावणाऱ्या मुलामुलींचा आहे. केसकरी थाटाने ‘हे अस्सल, ते बिघडलेलं’ अशी चाळणी लावायची असेल तर केंद्र न काढलेलंच बरं.

अशा कामाचा एक प्रयोग शेजारच्या छत्तीसगडात होऊन गेला आहे, तोही विनामनोरा. पत्रकार शुभ्रांशू चौधरी यांनी २०१०मध्ये ‘सीजीनेट स्वरा’ सुरू केलं. गावातल्या माणसाने एका नंबरवर फोन करायचा, आपलं म्हणणं किंवा आपलं गाणं आपल्या भाषेत सांगायचं, ते तपासून ठेवलं जायचं आणि दुसऱ्या कोणालाही फोन करून ऐकता यायचं. पुढे त्याला ‘बुलटू रेडिओ’ची जोड मिळाली. बुलटू म्हणजे ब्लूटूथ. कार्यक्रम एका ठिकाणी इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा आणि तिथून एका मोबाइलवरून दुसऱ्यावर, विनाइंटरनेट, गावागावांत न्यायचा. म्हणजे काउंटरवरच्या मेमरी कार्डाचीच युक्ती, फक्त फोल्डर गावाने भरलेला. रेंज नाही म्हणून रेडिओ नाही, ही सबब त्यानंतर चालण्यासारखी राहिलेली नाही.

ज्यांना रीतसर एफएम केंद्रच हवं आहे त्यांच्यासाठी नियम एका पुढच्या प्रकरणात दिलेत. इथे थोडक्यात सांगतो. ताकद १०० वॅटपर्यंत, अँटेना ३० मीटरपेक्षा उंच नाही. एफएमची लहर साधारण नजरेच्या रेषेत जाते, त्यामुळे सपाटीवर पाच-दहा किलोमीटर मिळतात. मध्ये टेकडी किंवा आलापल्लीसारखं गच्च सागवान आलं की त्याहून कमी. अहेरीत मनोरा उभारून भामरागड गाठण्याचं स्वप्न कोणी पाहू नये. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हायला हवेत. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. तरी हवामान, रस्ते, परीक्षा, प्रवेश, नोकरीच्या जागा, पाणी-वीज, आपत्तीच्या सूचना यांना धोरणाने बातमीत धरलेलं नाही. ही पळवाट नाही, ती हक्काची जागा आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते, हे पावसाळ्यात दोन गाण्यांच्या मधे दहा सेकंदांत सांगता येतं, आणि आलापल्लीच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसलेल्या माणसाला त्याइतकं कामाचं दुसरं काही नसतं.

पण परवानगीच्या फायलीला वेळ लागतो. अर्ज, मंत्रालयांच्या मंजुऱ्या, वारंवारितेचं वाटप. नक्षलग्रस्त म्हणून नोंद झालेल्या जिल्ह्यात कोणी घाई करील अशी अपेक्षाही नको. तोवर पोरं पदवी घेऊन बाहेर पडलेली असतात. म्हणून माझा आग्रह ब्राउनच्या पोरांच्या वाटेचा. कँटीनच्या पडवीत एक भोंगा, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत एक मिक्सर, दोन माइक, मधे वायर. मधल्या सुट्टीत अर्धा तास. तोच कार्यक्रम संध्याकाळी फाइल करून ब्लूटूथवर सोडून द्यायचा. मनोरा आला तर पुढे येईल. पैसे मनोऱ्यापेक्षा रेकॉर्डरवर आधी खर्च करा, आणि इन्व्हर्टरवर, कारण वादळात वीज गेली की ती कधी येईल ते महावितरणलाही सांगता येत नाही.

हक्कांचं प्रकरण मुलं वाचायचं टाळतात असा अनुभव आहे, म्हणून त्यातला अर्क इथेच देतो. भोंग्यावर लावलं काय किंवा एफएमवर, सिनेमाचं गाणं फुकट नसतं. त्याचा परवाना घ्यावा लागतो. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे जुन्या तबकड्या टप्प्याटप्प्याने मोकळ्या होत आहेत. तरी कवी आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं उरतो, तेव्हा तबकडी मोकळी झाली म्हणून गाणं मोकळं झालं असं धरू नका. रेलाचं काय? गाणं परंपरेचं, त्यावर कोणाची मालकी नाही. पण ते गाणाऱ्या बाईचा कलावंत म्हणून तिच्या गायनावर ५० वर्षं हक्क आहे. तिला विचारल्याशिवाय ते रेकॉर्ड करता येत नाही, प्रसारित करता येत नाही. शहरातून येणारे संशोधक, चित्रपटवाले, हौशी प्रवासी यांतल्या पुष्कळांनी हे कधी पाळलं नाही. मोबाइल पुढे केला, गाणं घेतलं, गेले. कॉलेजच्या केंद्राने तरी ते पाळावं. तिला समजेल त्या भाषेत विचारायचं, तिचं म्हणणं त्याच रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तिच्याच आवाजात घ्यायचं आणि झाल्यावर तिला तिथल्या तिथे ऐकवायचं. नको म्हणाली तर पुसून टाकायचं. काही गाणी फक्त त्या-त्या पंडुमातच गायची असतात, ती रेडिओवर आणायचीच नसतात, हेही तिच्याकडूनच कळेल.

आता थोडं कारागिरीचं. गाणं तीन-साडेतीन मिनिटांचं असतं, ही कल्पना कुठून आली? ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. तबकडी गेली, कॅसेट गेली, सीडी गेली, पण गाण्याचं माप तेच राहिलं आणि व्यापारी रेडिओने त्यावर आपलं घड्याळ बसवलं. रेला या मापात बसत नाही. तिचे तीन मिनिटांचे तुकडे करून लावले की उरते ती नुसती धून. रांग एकमेकींना ओळी कशा देते-घेते ते निघून जातं. कॉलेजच्या केंद्रावर जाहिरातदाराचा धाक नाही, तेव्हा महिन्यातून एकदा अखंड बारा-पंधरा मिनिटं एकच रेला वाजू द्या. कँटीनमधली काही पोरं उठून जातील. जाऊ द्यात. जी थांबतील त्यांतली दोन-चार पुढच्या वेळी विचारतील, ‘‘ही कोणत्या गावची?’’ त्याचं उत्तर क्यू शीटवर, म्हणजे लावलेल्या गाण्यांच्या यादीवर, लिहिलेलं असलं पाहिजे.

क्यू शीटचा एक नमुना पुढे छापला आहे. त्यातला एक रकाना विद्यार्थ्यांना खटकतो: ‘कोणी सुचवलं’. प्रत्येक गाण्यापुढे, ते जुनं असो वा नवं, कोणाच्या तोंडून किंवा कोणाच्या कार्डातून ते केंद्रापर्यंत आलं ते लिहायचं. ‘द्वितीय वर्षाच्या मुलीची आजी’, ‘बसस्टँडवरचा चहावाला’, ‘शिपाई काका, तेलुगू’ असं. वर्षभर हा रकाना भरला की केंद्राच्या हाती अशी एक यादी येते जी बिनाकाकडे नव्हती, विविध भारतीकडे नाही आणि कुठल्याही कंपनीच्या संगणकात नाही: अहेरीची सदाबहार गाणी, सुचवणाऱ्यांच्या नावांसकट. मग ‘ओल्ड’ नावाचा फोल्डर स्वतःचा स्वतः बनवता येईल. त्यात घंटसालाशेजारी खंजिरी असेल, भीमगीताशेजारी गोंड पुढारी बाबूराव शेडमाके यांच्यावरचं गोंडी गाणं असेल, आणि रफीही असेल. त्याला कोण कशाला काढतंय!

बोलण्याबाबत एकच. निवेदकाने मराठी प्रमाणच बोललं पाहिजे असा शिक्षकांचा हट्ट असतो. तो सोडावा. माडिया गाण्याची ओळख माडियात करून द्या, नंतर दोन वाक्यं मराठीत. तेलुगूचं तेलुगूत. ज्याला कळणार नाही तो शेजाऱ्याला विचारेल आणि शेजाऱ्याला विचारणं ही कॉलेजात दुर्मीळ होत चाललेली गोष्ट आहे. गाण्याआधी नाव सांगावं की नंतर, यावर निवेदकांत जुना वाद आहे. माझं मत नंतर. आधी नाव सांगितलं की ज्याला ती भाषा नको आहे तो कान बंद करतो. गाणं आवडून गेल्यावर कळलं की ते बंगाली कीर्तन होतं, तर त्याला आता काही इलाज नसतो.

पुस्तिकेच्या शेवटी पहिल्या सत्राचं वेळापत्रक सुचवलं आहे. ते तसंच्या तसं पाळायची गरज नाही, पण एक सूचना मनावर घ्यावी. पहिलं प्रसारण विद्यापीठाच्या परीक्षांच्या तोंडावर ठेवू नका. पोरं येत नाहीत आणि प्राचार्य खोलीची किल्ली देत नाहीत. सत्राच्या सुरुवातीला भोंगा लावा आणि सुट्ट्यांना रेकॉर्डर मुलांबरोबर गावाला जाऊ द्या, कारण लग्नं आणि पंडुम तेव्हा असतात. नेताना रजिस्टरमध्ये सही घ्या. परत आल्यावर रेकॉर्डर, चार्जर आणि कार्ड, तिन्ही मोजून जमा करून घ्या, आणि कार्ड त्याच दिवशी दोन ठिकाणी उतरवून ठेवा.